जेबेझ हॅस्केटचा चौथा कबुलीजबाब

जेबेझ हॅस्केटनं आपला कबुलीजबाब दुसऱ्यांदा वाचून संपवला, तेव्हा प्रार्थनाघरात अशी थंडी होती की त्याच्या तोंडची वाफ त्याच्याच दाढीवर गोठत होती. साठीला टेकलेला माणूस पापाच्या स्टुलावर बोडक्या डोक्यानं उभा होता, आणि दारातून येणारा फेब्रुवारीचा वारा त्याच्या टकलावरून खुशाल फिरत होता. बेथाया स्टोव्हर ते टक्कल डोळे भरून पाहत होती. दोन-दोन तासांच्या प्रवचनांतून तिला एवढं सुख कधी मिळालं नव्हतं.

पाळक पेनिमन बायकांच्या बाकांकडे वळले. "भगिनी बेथाया, अन्याय तुझ्यावर झाला. या माणसाच्या कबुलीनं तुझं समाधान झालं का?"

बेथाया उठली. बायकांनी प्रार्थनाघरात तोंड उघडायचं नसतं, पण या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि घागरा सावरून खाली बसली.

ऑक्स नेकच्या मंडळीचा कायदा साधा होता. ज्याला वाळीत टाकलं त्याच्याशी मंडळीतल्या कुणी बोलायचं नाही, त्याच्यासोबत जेवायचं नाही, त्याच्या चुलीला विस्तव द्यायचा नाही. त्यानं मात्र दर शब्बाथला, म्हणजे रविवारी, प्रार्थनेला यायचं आणि दाराजवळच्या बाकावर एकट्यानं बसायचं. परत यायचं तर सगळ्यांसमोर कबुली द्यायची, आणि ज्याचं वाईट केलं त्यानं उठून म्हणायचं, माझं समाधान झालं. तोवर दार बंद. तिथे पाळकांचं काही चालत नव्हतं, बॉस्टनच्या गव्हर्नरचंही नाही. अख्ख्या जन्मात बेथायाच्या हातात एवढी सत्ता कधी आली नव्हती, आणि ती काही हाती आलेलं सोडणाऱ्यांतली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी मंडळीचा प्रभुभोजनाचा चांदीचा पेला नाहीसा झाला होता. जेबेझनं दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगितलं, की शनिवारी दिवस मावळल्यावर एफ्राइम स्टोव्हरला मी कोटाखाली काहीतरी लपवून प्रार्थनाघरातून निघताना पाहिलं. एफ्राइम म्हणजे बेथायाचा नवरा. एका साक्षीवर माणसाला शिक्षा करायची नाही, हे देवाचं वचन. दुसरी साक्ष जेबेझच्या बायकोनं, डॉर्कसनं दिली. भर जानेवारीत एफ्राइमला खांबाला बांधून एकोणचाळीस फटके मारले. चाळिसाच्या पुढे जायला शास्त्राची मनाई आहे, मोजणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून एक कमी, एवढी दया. नवव्या दिवशी तो तापानं गेला. खाडीकाठच्या खाजणातल्या गवताच्या हद्दीवरून त्याचं आणि जेबेझचं पाच वर्षं भांडण होतं, ते आपोआप मिटलं. त्या जुलैत सगळं गवत जेबेझनं कापलं.

आणि गेल्या ऑक्टोबरात प्रार्थनाघराच्या कुजलेल्या फळ्या उखडल्या, तर पेला व्यासपीठाखाली, उंदराच्या बिळाशेजारी. फटीतून घरंगळला होता. चोरी मुळात झालीच नव्हती. मंडळीला आधी लाज वाटली, मग लाजेचा राग झाला, आणि राग काढायला जेबेझ आयता समोर होता. डॉर्कसला मरून चार वर्षं झाली होती, ती सुटली. जेबेझला वाळीत टाकलं.

तो तसाच मरेपर्यंत वाळीत राहिला असता तरी बेथायाला चाललं असतं. पण त्याची दुसरी बायको टॅमसिन, विशीची पोर, नववर्षाच्या सुमाराला बाळंत झाली. मुलगी झाली, आणि मूठभर. बाप्तिस्मा मिळतो तो मंडळीतल्या माणसाच्या लेकराला. बाप वाळीत, आई अजून मंडळीत आलेली नाही. येण्यासाठी सगळ्यांसमोर उभं राहून देवानं आपल्या मनात काय केलं ते सांगावं लागतं, आणि टॅमसिनला चारचौघांत आपलं नाव सांगतानाही घाम फुटायचा. म्हणून जेबेझ स्टुलावर चढला होता.

सोमवारी पाळक बेथायाच्या घरी आले. तिनं त्यांना चुलीजवळ बसवलं, सफरचंदाचं सायडर दिलं.

"बेथायाबाई, त्याच्या कबुलीत कमी काय होतं?"

"तुम्हीच लिहून दिलीत ना ती? 'एका शेजाऱ्याविषयी अयोग्य बोललो.' अयोग्य म्हणजे काय, पाळकसाहेब? मी काल माझ्या कोंबडीला अयोग्य बोलले. ती अजून अंडी देतेय."

पाळकांनी कप खाली ठेवला. "मग काय हवंय तुम्हाला?"

"घ्या लिहून."

पाळकांनी खरंच कागद काढला. तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं. एफ्राइमचं नाव, पूर्ण. फटक्यांचा आकडा. विसाव्या फटक्याला शिपायानं हात बदलला, तो. जेबेझ पहिल्या रांगेत उभा राहून भाकरी खात होता, ती. पाठीला चिकटलेला सदरा बेथाया कोमट पाण्यानं दोन दिवस सोडवत होती, तो. आणि जुलैतलं गवत.

"सूड घेणं देवाचं काम आहे, बाई," पाळक उठता उठता म्हणाले.

"मी कुठे सूड घेतेय? मी समाधान शोधतेय. नाही होत, त्याला मी काय करू?"

तिसऱ्या शब्बाथला जेबेझनं ते सगळं वाचलं. त्या दिवशी प्रार्थनाघरात एक माणूस पेंगला नाही. झोपणाऱ्यांना काठीनं टोचणारा रखवालदार काठी टेकून स्वतःच ऐकत राहिला. सदऱ्याशी आल्यावर जेबेझचा आवाज फाटला. त्यानं थांबून परत वाचलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बेथायाला वाटलं होतं हे ऐकून आपलं पोट भरेल, पण झालं उलटं. प्रत्येक वाक्यासरशी तिची भूक वाढत गेली.

"समाधान झालं का?"

"नाही."

पुरुषांच्या बाकांवर कुणीतरी हळूच शीळ घातली आणि लगेच काठीचा टोला खाल्ला.

मंगळवारी टॅमसिन आली, भर दुपारी, बाळाला शालीत गुंडाळून. ती वाळीत नव्हती, तिच्याशी बोलायला हरकत नव्हती. बेथायानं दार अर्धंच उघडलं, मग शालीत तोंड दिसलं तसं पूर्ण उघडलं.

"आत ये. वारा लागतोय तिला."

बाळाचं तोंड निळसर होतं, ओठांच्या कडेला दूध वाळलेलं. बेथायानं मक्याची लापशी ढवळली, वाटीत काढली, टॅमसिनपुढे ठेवली. टॅमसिननं हात लावला नाही.

"मावशी, काल दिवसभरात दोनदाच प्यायली ही. बाप्तिस्म्याशिवाय गेली तर?"

"पाळकसाहेब काय सांगतात? पाण्यानं कुणी तरत नाही. देवानं आधीच ठरवून ठेवलंय कोण तरणार ते."

"मग स्वतःच्या पोरांना ते पहिल्याच शब्बाथला पाणी का लावतात?"

बेथायाला हसू येता येता राहिलं. पोर दिसते तेवढी मुकी नव्हती. पण हसू गिळल्यावर त्याच्या खालून तो जुना कडूपणा वर आला. बेथायाच्या पोटी काही आलं नव्हतं. एफ्राइम गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. पुढे आलंही असतं कदाचित.

"तुझ्या नवऱ्याला सांग, एक नाव राहिलंय. डॉर्कस. तिनं खोटी साक्ष दिली असं त्यानं सगळ्यांसमोर म्हणावं. मग माझं समाधान होईल."

"एवढंच?" टॅमसिनचा चेहरा उजळला. मेलेल्या सवतीच्या नावाचं ते काय ओझं. तिनं दोन घास लापशीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जेबेझ स्वतः कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बेथाया शेळीला चारा घालत होती. त्याच्याशी बोलायची बंदी होती म्हणून तिनं मान वर केली नाही.

"बेथाया, माझं जेवढं होतं तेवढं मी बोललो. अजून बोलेन. पण डॉर्कस खोटं बोलली नव्हती."

"काही लोकांना वाळीत टाकलेलं कळत नाही, काय गं?" बेथाया शेळीला म्हणाली.

"तिनं फक्त तुझे शब्द सांगितले. धुण्याच्या दिवशी तू तिला म्हणालीस, शनिवारी अंधार पडल्यावर नवरा बाहेर गेला आणि गुडघ्यापर्यंत भिजून आला. एवढीच तिची साक्ष. कोर्टात तू म्हणालीस तो घरीच होता. दोघींतली एक खोटी होती. आणि पेला सापडल्यावर सगळ्यांनी ती डॉर्कस ठरवली. मी गप्प बसलो."

"विचार गं याला," शेळीला प्रश्न, "का गप्प बसला म्हणावं."

जेबेझनं टोपी काढून हातात घेतली. "नवरा मी घालवला तुझा. अब्रू तरी तुझी तुला राहू दे म्हटलं."

चारा बेथायाच्या हातातून तसाच खाली पडला. चार महिने ती समजत होती की या माणसाची मान आपल्या मुठीत आहे, आणि हा चार महिने तिच्यावर दया करत होता. जेबेझ हॅस्केटची दया. एकोणचाळीस फटक्यांच्या माणसाच्या विधवेवर. त्यापेक्षा त्यानं तोंडावर थुंकलं असतं तर तिनं पुसून टाकलं असतं.

तो म्हणत होता ते खरं होतं. शब्बाथ शनिवारी सूर्य बुडताच लागतो. त्या शनिवारी सूर्य बुडल्यावर एफ्राइम खाडीवर गेला होता, वाम मासे धरायचे पिंजरे काढायला. रात्रीत बर्फ धरलं असतं तर मोडले असते. शब्बाथला काम करून तो मोडला तर दंड दहा शिलिंग. सोमवारी धुणं बडवता बडवता बेथाया डॉर्कसपाशी कुरकुरली, भिजलेले मोजे मलाच धुवावे लागतात म्हणून. वामांचं नाव काढलं नाही. गुरुवारी दंडाधिकाऱ्यानं विचारलं, शनिवारी तू कुठे होतास? एफ्राइमनं सांगायला तोंड उघडलं, आणि बेथायाच मध्ये बोलली, घरी होते, माझ्याजवळ शास्त्र वाचत होते. येत्या शब्बाथला तिला प्रभुभोजनाला घेणार होते. सात वर्षं ती त्या घोटभर द्राक्षारसाची वाट पाहत होती. एफ्राइमनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, हो, घरीच होतो.

हे ती अकरा वर्षं कुणाशी बोलली नव्हती, देवाशीसुद्धा आडवळणानंच.

"सांग त्याला," ती शेळीला म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी शांत होता, "डॉर्कसचं नाव नाही, तर बाप्तिस्मा नाही."

ती काय मागत होती ते तिला पुरतं माहीत होतं. या माणसानं एकदा खोटी शपथ घेतली होती, पण ती कोर्टात. आता त्यानं देवाच्या घरात, पश्चात्तापाच्या स्टुलावर उभं राहून पुन्हा खोटं बोलायचं, आणि तेही आपल्या बायकोविरुद्ध, जी खरं बोलून मेली. अशा माणसाला क्षमा नाही. एफ्राइमला नऊ दिवस सोसावं लागलं. हा युगानुयुगे सोसेल. तिला तेच हवं होतं. शब्बाथपर्यंत रोज रात्री तिला छान झोप लागली.

चौथ्या शब्बाथला पाळकांनी टेबलावर पाण्याचं घंगाळ आधीच आणून ठेवलं होतं. त्यांनाही आता हे प्रकरण संपायला हवं होतं. टॅमसिन बाळाला घेऊन मागे उभी होती. जेबेझ स्टुलावर चढला. कागद नव्हता. तो सगळं तोंडपाठ बोलला, नाव, आकडा, भाकरी, सदरा, गवत, आणि मग थांबला. वाळूचं घड्याळ टेबलावर झरत होतं. त्यानं मागे वळून शालीकडे पाहिलं.

"आणि माझी बायको डॉर्कस," तो म्हणाला, "हिनं माझ्या सांगण्यावरून खोटी साक्ष दिली."

बायकांच्या बाकांवरून एक हुंकार फिरला. लोहाराची बायको शेजारणीला म्हणाली, "मी तर केव्हाच म्हटलं होतं." पाळकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्यांनी घंगाळावरचा बर्फाचा पापुद्रा बोटानं फोडलासुद्धा.

"भगिनी बेथाया, आता समाधान झालं?"

बेथाया उठली. शब्द जिभेवर तयार होता. तिनं जेबेझकडे पाहिलं, त्याच्या तोंडावर नरकाची छाया पाहायला मिळेल म्हणून, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो बाळाकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते, आनंदानं. आता पाळक त्याला बंधू म्हणणार. पोर मंडळीत येणार, तो आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसणार, दुपारी लोक त्याच्या घरी मक्याची लापशी आणि खारं डुकराचं मांस खायला जाणार, आणि नरक कुठे तरी लांब, मेल्यानंतर. एका खोट्या वाक्यावर त्याला सगळं परत मिळत होतं. ती त्याला शिक्षा देत नव्हती, बक्षीस देत होती. अंगाचा नुसता भडका उडाला तिच्या.

त्याला थांबवायचा एकच रस्ता होता, आणि तो तिच्या स्वतःच्या अंगावरून जात होता.

"नाही," ती म्हणाली. "हा खोटं बोलतोय. देवाच्या घरात, आत्ता, तुमच्यासमोर. डॉर्कस हॅस्केट खरं बोलली होती."

पाळकांचं बोट पाण्यातच राहिलं. "तुला कसं ठाऊक?"

"तिला मीच सांगितलं होतं म्हणून. एफ्राइम शनिवारी दिवस मावळल्यावर खाडीवर गेला होता, वामांचे पिंजरे काढायला. भिजून आला."

जेबेझला बुडवायला एवढं पुरेसं होतं. तिनं इथे खाली बसायचं ठरवलं होतं. पण तोंड एकदा उघडलं ते मिटेना.

"कोर्टात तो हे सांगणार होता. दहा शिलिंग दंड भरून घरी आला असता. मीच मध्ये बोलले. वामांचं कळलं असतं तर तुम्ही मला प्रभुभोजनाला घेतलं नसतं, म्हणून बोलले. मला खोटं पाडायचं नव्हतं त्याला, म्हणून तोही घरी होतो म्हणाला. मग डॉर्कसची साक्ष खरी निघाली आणि आम्ही दोघं खोटे. त्यानं खाडीचं सांगितलं असतं तर तिची साक्ष पेल्याला लागलीच नसती. ह्याची एकट्याची राहिली असती, आणि एका साक्षीवर तुम्ही मारत नाही." तिनं जेबेझकडे बोट केलं, पण बोट धड त्याच्याकडे राहीना. "दुसरी साक्ष मी होते. मी त्याला मारलं. मोज्यांवरून कुरकुरले, आणि शास्त्र वाचत होता म्हणाले."

बाळ रडायला लागलं, कधी नव्हे ते मोठ्यानं.

दोघांच्या वाळीची मतं तिथल्या तिथे घेतली. पुरुषांचे हात एकदा जेबेझसाठी वर गेले आणि एकदा बेथायासाठी, दोन्ही वेळा सगळे. दाराजवळ बाक एकच होता. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधून वारा.

एप्रिलात टॅमसिन स्वतः मंडळीसमोर उभी राहिली. पाव तास चाचरली, दोनदा रडली, पण देवानं तिच्या मनात काय केलं ते तिनं सांगितलं, आणि लेकीचा बाप्तिस्मा झाला. पोरीनं गार पाण्यानं छप्पर डोक्यावर घेतलं. तोवर तिनं चांगलं बाळसं धरलं होतं. बेथाया दाराजवळून पाहत होती. जे आपल्या एका शब्दावर अडलंय असं तिला महिनाभर वाटत होतं, ते त्या भित्र्या पोरीच्या तोंडात आधीपासूनच होतं.

बेथायाशी सगळ्यांचं बोलणं बंद झालं. वीस वर्षं मैत्रीण असलेली लोहाराची बायको विहिरीवर तिला पाहून घागर अर्धीच भरून निघून जायची. मंडळीबाहेरचे चार लोक होते, पण त्यांना मंडळीत यायचं होतं, त्यामुळे तेही तोंड फिरवायचे. पाळक रस्ता ओलांडायचे. बेथाया भांड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची. मे उजाडला तेव्हा तिला माणसाचा आवाज आपल्याला उद्देशून ऐकून दोन महिने झाले होते.

नियम मंडळीतल्यांना होता. वाळीत टाकलेल्यांनी एकमेकांशी बोलू नये असं कुणी कुठे लिहिलं नव्हतं, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. अख्ख्या ऑक्स नेकमध्ये बेथायाशी बोलायला मोकळा असा एकच माणूस होता.

तो एका सकाळी कुंपणापाशी आला. खांद्यावर कोयता, खाजणाकडे निघालेला.

"बेथाया," तो म्हणाला, "तुझ्या धुरांड्याची एक वीट निसटलीय. पडेल कुणाच्या तरी डोक्यात."

ती आत चुलीपाशी होती. त्याच्यावरचा तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. त्याची भाकरी तिला अजून दिसत होती, पहिल्या रांगेतली, आणि तो नरकात जावा असं तिला आजही मनापासून वाटत होतं. तिनं दात आवळले, एकदा, दोनदा. बाहेर त्याची पावलं हलली.

ती दारात आली.

"कुठली?" तिनं विचारलं.